पेसमेकर आणि मी

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, सायंकाळच्या आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



या मंचावर मी आजवर बोललो ते फक्त जमाखर्च सांगायला. या वर्षी सचिवांनी सांगितले, "काका, अंताक्षरी आणि पाककला दरवर्षीच होते. तुमच्या आजारपणाबद्दल अर्धा तास बोला." मी म्हटले, गणपतीत आजारपणाच्या गोष्टी कशाला? त्यावर ते म्हणाले, "काका, तुम्ही पडलात ते याच हॉलमध्ये. काय झाले होते ते आम्हाला नीट कळू द्या." हे मला पटले. तेव्हा आज हिशेबच द्यायचा आहे, फक्त पैशांचा नाही.

माझ्या डाव्या खांद्याखाली, गळपट्टीच्या हाडाच्या जरा खाली, एक डबी बसवलेली आहे. आकाराने जुन्या खिशातल्या घड्याळाएवढी, वजनाने पंचवीस-तीस ग्रॅम. तिला पेसमेकर म्हणतात. आपण आत्ता आरतीला टाळ्या वाजवल्या तेव्हा ती काम करत होती आणि आत्ता बोलतानाही करते आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो. आपल्यापैकी बरेच जण बुधवारी गढ गणेशला जातात. ब्रह्मपुरीच्या मागच्या डोंगरावरचे ते देऊळ, सवाई जयसिंहांच्या वेळचे. गणपती तिथे बालरूपात आहे, सोंड नाही. वर जायला वर्षाच्या दिवसांएवढ्या, ३६५ पायऱ्या आहेत असे सांगतात. जयपूरला आलो तेव्हापासून मी त्या चढतो आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र निम्म्या वाटेवर डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मनाशी म्हटले, जयपूरचे ऊन आहे, वय सदुसष्ट आहे. कधी सकाळी दाढी करताना आरसा हलल्यासारखा वाटे. कधी नुसता थकवा, जणू रात्रभर कुणी अंगातली ताकद काढून नेली. कुणी सांगितले गॅस आहे, कुणी सांगितले मानेचे मणके. चक्कर थांबायच्या गोळ्याही घेतल्या. त्या घेतल्यावर झोप छान लागायची, चक्कर होती तिथेच.

आता जी गोष्ट सांगतो ती सांगायला मला वर्ष लागले.

श्रावणात एका संध्याकाळी मखराचे सामान आणायला स्कूटरवर निघालो होतो. मागे नातू बसला होता, वय वर्षे आठ. खातीपुरा रोडला सिग्नलवर थांबलो. त्यानंतरचे मला आठवते ते मागच्या गाड्यांचे हॉर्न आणि पाठीवर नातवाच्या मुठी. "आजोबा, झोपलात काय?" सिग्नल हिरवा होऊन गेला होता. स्कूटर उभी होती, पाय जमिनीवर होते, आणि मधले काही सेकंद माझ्या आयुष्यातून गायब होते. हेच शंभर पावले पुढे, चालत्या गाडीवर झाले असते तर? हा विचार तेव्हाही मनात आला. आणि तरी मी काय केले? स्कूटर बाजूला घेतली, त्याला कुल्फी घेऊन दिली आणि म्हणालो, "आजीला सांगू नकोस हं."

त्याने नाही सांगितले. शहाणा मुलगा आहे.

का लपवले? भीती होती ती आजाराची नव्हती. उत्सव तोंडावर आला होता. मांडवाचे काम माझ्याकडे होते. सांगितले असते तर स्कूटरची किल्ली गेली असती, गढ गणेश गेला असता, आणि लोकांनी "काका, तुम्ही बसा" म्हणायला सुरुवात केली असती. निवृत्त माणसाला "तुम्ही बसा" हे वाक्य फार लागते. इथे बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना मी काय म्हणतो ते कळेल.

आठ-दहा दिवसांनी याच हॉलमध्ये बैठक चालू होती. मी वर्गणीची पावती-पुस्तके द्यायला उठलो आणि खाली कोसळलो. मुलांना वाटले उकाड्याने झाले. कुणी पाणी मारले, कुणी कांदा आणायला धावले. त्या वेळी आपल्या शेजारचे निवृत्त सुभेदारसाहेब इथे चहाला आले होते. त्यांनी कांदा बाजूला ठेवायला लावला, माझे मनगट धरले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "नब्ज बहुत धीमी है. गाड़ी निकालो." त्यांच्याच गाडीतून मला नेले. मिनिटाला बत्तीस ठोके होते. साधारण माणसाचे शांत बसलेले असताना साठ ते शंभर असतात. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघितली आणि सांगितले, "कम्प्लीट हार्ट ब्लॉक."

सौ.ने हे ऐकले आणि तिला वाटले, नळ्या तुंबल्या, आता बायपास. इथे बहुतेकांचा असाच घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आणि मी टेलिफोनवाला असल्यामुळे माझ्याच भाषेत सांगतो. हृदय हा पंप आहे. त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत चरबी साठली की त्याला आपण ब्लॉकेज म्हणतो. ते काम प्लंबरचे. पण पंप चालायला वीजही लागते. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो जन्मभर ठेका देतो, दिवसाला साधारण एक लाख वेळा. तो संदेश वरून खाली जाताना मध्ये एका जंक्शनमधून जातो आणि तिथून तारांसारख्या तंतूंनी खालच्या कप्प्यांत पोचतो. माझे वरचे एक्स्चेंज व्यवस्थित होते, खालचेही होते, मधली केबल गेली होती. खालच्या कप्प्यांना वरून निरोप येईना, तेव्हा ते आपल्या बुद्धीने तीस-पस्तीसच्या संथ गतीने चालत होते. तेवढ्यावर मेंदूला रक्त पुरत नाही. म्हणून अंधारी. हार्ट ब्लॉक म्हणजे हा विजेचा बिघाड. वयाबरोबर हे तंतू झिजतात, त्यात कुणाचा दोष नसतो. काही औषधांनीही ठोके मंदावतात, म्हणून डॉक्टरांनी आधी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तपासल्या. त्यांचा संबंध नव्हता.

त्या रात्री जांघेतल्या शिरेतून तात्पुरती तार हृदयात सोडली आणि बाहेरच्या पेटीवर मला चालवले. माझा जीव पलंगाशेजारच्या खुंटीला टांगलेल्या एका डब्यात होता. आमच्या एक्स्चेंजमध्ये लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत सगळे शहर बॅटऱ्यांवर बोलायचे आणि लोकांना पत्ताही नसायचा. वर्षानुवर्षे मी त्या बॅटऱ्यांना पाणी घातले. त्या रात्री वाटले, त्यांनी परतफेड केली.

दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसवला. पूर्ण भूल देत नाहीत, तेवढी जागा बधिर करतात. छाती उघडत नाहीत. खांद्याखाली दोन-अडीच इंचांचा छेद, कातडीखाली एक खिसा, आणि तिथल्याच शिरेतून क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत दोन तारा हृदयात. एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. दुखले नाही, पण कुणीतरी खांद्यावर अंगठा रोवून दाबतो आहे असे वाटत राहते. साधारण तासभर लागला. तार जोडल्यावर थोड्या वेळाने मला आधी काय जाणवले असेल? पावले गरम झाली. कित्येक महिने माझे पाय गार पडायचे आणि मी पायमोजे घालून झोपायचो. ती ऊब आठवली की आजही डोळ्यांत पाणी येते.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. आणि मंडळी, खरी परीक्षा तिथून सुरू झाली. ऑपरेशन डॉक्टर करतात. बरे व्हायचे काम आपल्यालाच करावे लागते.

मला सांगितले होते की डावा हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर नेऊ नका, जड उचलू नका. कारण आतल्या तारांची टोके हृदयाच्या भिंतीत रुजायला वेळ लागतो, हिसका बसला तर तार सरकते. मी आज्ञाधारक माणूस. हात खांद्यावर न्यायचा नाही म्हणजे हलवायचाच नाही, असे ठरवून टाकले. सव्वा महिना हात पोटाशी धरून बसलो. तार जागेवर राहिली, खांदा मात्र आखडला. पुढे तीन महिने फिजिओथेरपीत "आई गं" म्हणत काढले. हे पथ्य नीट समजून घ्या: हात वर नेऊ नये, पण कोपर, मनगट आणि खांद्याखालची हालचाल रोज करावी. शर्ट पुढून बटणांचा घालावा, म्हणजे डोक्यावरून काढताना हात वर जात नाही. जखम कोरडी ठेवावी. ती लाल झाली, सुजली, पाणी आले किंवा ताप आला, तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि त्या डबीशी बोटांनी खेळू नये. मला ती सवय लागली होती. सौ. हातावर चापट मारायची.

दुसरी अडचण मनाची. पहिले काही दिवस मी रात्री झोपतच नव्हतो. कानाने आतला ठोका ऐकत पडायचो. उचकी लागली तरी वाटायचे, बॅटरी गेली. त्यातच साताऱ्याहून धाकटा भाऊ मला बघायला निघाला. जयपूर स्टेशनवर उतरला आणि टॅक्सीवाल्याला म्हणाला, खातीपुरा. त्याने त्याला नेले खातीपुरा रेल्वे स्टेशनला, शहराच्या पार पूर्वेच्या टोकाला! आपण पश्चिमेला, ते पूर्वेला. तिथून त्याचा फोन: "दादा, तुझे घर कुठे आहे? इथे तर सगळे रूळच आहेत." बऱ्याच दिवसांनी मी पोट धरून हसलो. हसताना टाके ओढले गेले, पण दुसरे काही झाले नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटले की हे यंत्र हसण्यालाही टिकते.

मग वाचायला बसलो. जगात पहिल्यांदा पूर्णपणे शरीराच्या आत पेसमेकर बसवला तो ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमध्ये स्टॉकहोमला. रुग्णाचे नाव आर्ने लार्सन, वय ४३. बनवणारे अभियंता रूने एल्मक्विस्ट, बसवणारे सर्जन ओके सेनिंग. त्या दोघांच्या मागे लागून हे काम करवून घेतले ते लार्सन यांच्या पत्नीने. पहिले यंत्र काही तासच चालले, मग दुसरे बसवले. जन्मभरात त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले. २००१ साली, ८६ व्या वर्षी ते वारले, तेही कर्करोगाने. तोवर यंत्र बनवणारे आणि बसवणारे दोघेही जग सोडून गेले होते. त्यांच्या आदल्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी, अमेरिकेत मिनियापोलिसला वीज गेली होती. तिथे लहान मुलांना भिंतीतल्या विजेवर चालणारे बाहेरचे पेसमेकर लावलेले असत. त्या घटनेनंतर डॉ. लिलेहाय यांनी अर्ल बॅकेन या दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याला बॅटरीवरचे यंत्र मागितले. त्याने चार आठवड्यांत आपल्या गॅरेजमध्ये ते बनवले. त्यासाठी त्याने संगीतातल्या ताल मोजणाऱ्या यंत्राचे सर्किट घेतले होते. दुरुस्तीवाल्यांची जात माझी. वाचून अभिमान वाटला. १९७० च्या दशकात लिथियमची बॅटरी आली आणि यंत्र वर्षानुवर्षे चालू लागले. आज ते साधारण आठ ते बारा वर्षे टिकते. मग खिसा उघडून फक्त डबी बदलतात. तारा चांगल्या असतील तर त्याच राहतात.

पण "आपल्या अंगात यंत्र आहे" याची लाज मनातून जात नव्हती. लोक म्हणत, "बॅटरीवाले काका." ती लाज घालवली ती आपल्या या शहराने. १९६८ साली इथल्याच सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट तयार केला. तो लावून माणूस मांडी घालून बसतो, उकिडवा बसतो, शेतात अनवाणी चालतो. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो विनामूल्य देत आली आहे. ज्या गावात लोक रबराचा पाय लावून ताठ मानेने चालतात, त्या गावात राहून मी छातीतल्या डबीची लाज धरायची?

आता नेहमी विचारले जाणारे प्रश्न. मोबाइल चालतो का? चालतो. उजव्या कानाला धरावा, डाव्या वरच्या खिशात ठेवू नये, डबीपासून एक वीत अंतर असावे. स्वयंपाकघर? मिक्सर, फ्रिज, टीव्ही सगळे चालते. इंडक्शनच्या शेगडीपासून मात्र दोन फूट दूर राहावे, वाकून भांड्यात डोकावू नये. सौ.ने याचा अर्थ मी स्वयंपाकघरात येऊ नये असा काढला आहे, मी तो मान्य केला आहे. विमानतळावर आणि देवळांच्या दारातल्या चौकटीतून नेहमीच्या चालीने निघून जावे, तिथे रेंगाळू नये. हातातले तपासणी यंत्र छातीवर धरू देऊ नये, आपले ओळखपत्र दाखवावे. ते कार्ड नेहमी पाकिटात असू द्या. वेल्डिंग चालू असेल तिथे जवळ उभे राहू नये, मोठ्या स्पीकरला छाती टेकवू नये. मांडवातल्या मुलांनो, मला स्पीकर उचलायला का बोलवायचे नाही याचे कारण आता तुम्हाला कळले. एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगावे. तपासणीला चालणारे पेसमेकर आता मिळतात, बसवण्याआधीच हे डॉक्टरांना विचारून घ्या.

पेसमेकर झटका देत नाही. झटका देणारे यंत्र वेगळे असते. पेसमेकरने नळ्यांतले ब्लॉकेज जात नाही, म्हणून तूप, मीठ, साखर यांचा हिशेब राहतोच. दाल-बाटीवरचे तूप मला वाटीने मिळायचे, आता चमच्याने मिळते. ठरलेल्या वेळी तपासणी करावी. तिथे छातीवर एक यंत्र ठेवतात आणि डबीतली सगळी नोंद पडद्यावर वाचतात, आमच्या फॉल्ट रजिस्टरसारखी. माझी पहिली नोंद वाचून तंत्रज्ञ म्हणाला, "जवळजवळ प्रत्येक ठोका हीच देते आहे." तेव्हा कळले की मी किती काठावर उभा होतो. आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवा, मीही सांगितली आहे आणि बोलणी खाल्ली आहेत. शेवटच्या प्रवासाच्या आधी ही डबी काढून घ्यावी लागते. अग्नीत तिचा स्फोट होतो.

आता हिशेबातली शेवटची रक्कम.

मी दवाखान्यात होतो तेव्हा नातू जेवत नव्हता. दोन दिवस कुणाला कारण कळेना. तिसऱ्या दिवशी त्याने आजीच्या मांडीत डोके घालून सांगितले, "मी सांगितलं नाही म्हणून आजोबा पडले." माझ्या घरात बसून आठ वर्षांचे पोर माझे ओझे वाहत होते. एका कुल्फीच्या बदल्यात मी ते त्याच्या डोक्यावर दिले होते. घरी आल्यावर त्याला जवळ घेऊन सांगितले, "चूक तुझी नाही. चूक माझी. मोठा माणूस जेव्हा म्हणतो ना, कुणाला सांगू नकोस, तेव्हा ते आधी सांगायचे." त्याला ते किती समजले माहीत नाही. मला समजले.

म्हणून या व्यासपीठावरून एकच मागणे आहे. क्षणभर अंधारी आली, कारण नसताना थकवा आला, उभ्या उभ्या मधले काही सेकंद हरवले, तर घरी सांगा. "उन्हाने असेल" असे आपणच ठरवू नका. मनगटावर तीन बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजायला शिका. चाळीस किंवा त्याहून कमी आली आणि बरोबर चक्कर असेल, तर कांदा शोधू नका, १०८ ला फोन करा. गाडी स्वतः चालवत जाऊ नका. उत्सव आपल्यावाचून अडत नाही. मागच्या वर्षी माझ्यावाचून मखर झाले आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा चांगले झाले.

दवाखान्यात रात्रभर बाकावर बसलेली मंडळाची मुले, डबा पोचवणाऱ्या वहिनी आणि सुभेदारसाहेब, तुमचे आभार मानायला शब्द कमी पडतात. सुभेदारसाहेब समोर बसले आहेत. त्यांना मराठी येत नाही, पण मी कुणाबद्दल बोलतो ते त्यांना कळते आहे.

या फाल्गुनात, डॉक्टरांची परवानगी घेऊन, एका बुधवारी नातवाबरोबर गढ गणेश चढलो. दोनदा बसलो. प्रत्येक वेळी त्याने माझे मनगट धरून मोठ्याने आकडे मोजले, आजूबाजूचे भाविक बघत होते. वर पोचल्यावर, बाप्पासमोर हात जोडून झाल्यावर मी त्याला म्हटले, "आता घरी गेलास की आजीला सगळे सांग."

"दोनदा बसलात, ते पण?"

"ते पण."

गणपती बाप्पा मोरया!